सोलापूरहून तंबू घेऊन कोकण किनाऱ्यावर, सहकुटुंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी, माझे मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. दर हिवाळ्यात गाडीत तंबू, शेगडी आणि चादरी टाकून आम्ही दक्षिण कोकणात उतरतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पाच-सहा दिवस फिरतो. परत आलो की शेजारी, मुलांच्या शाळेतले पालक, माझ्या माहेरचे, सगळे त्याच गोष्टी विचारतात. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला यातलं बरंच काही आपोआप कळतं. आपण कोरड्या मुलखातले, आपल्याला ते शिकून घ्यावं लागतं.

नेमकं जाता कुठे? गणपतीपुळे, तारकर्ली तर सगळेच जातात.

तिथे जरूर जा, पण तंबू टाकायला नको, गर्दी फार. आम्ही त्यांच्या मधले पट्टे धरतो. देवगड तालुक्यात कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग. तिथून खाली मुणगे, आचरा, मग तोंडवळी-तळाशील. मालवण ओलांडलं की परुळ्याजवळचं भोगवे, निवती, खवणे, आणि वेळ उरलाच तर वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. या गावांत दुपारी दोन वाजता किनाऱ्यावर उभं राहिलं तर बऱ्याचदा आपल्याशिवाय कुणी नसतं. एखादी होडी ओढून ठेवलेली, वाळत टाकलेली जाळी, आणि सुरूच्या बनातून येणारा आवाज, बस.

तोंडवळी-तळाशीलबद्दल मुद्दाम सांगते. जमिनीची लांबच लांब पट्टी आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी. सकाळी इकडे लाटा बघायच्या आणि चार पावलं चालून तिकडे संथ पाण्यात होडी. माझ्या धाकट्याला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा तो दिवसभर इकडून तिकडे धावत होता, दोन्हीकडचं पाणी चाखून बघत.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की निघायचं, असं आमचं ठरलेलं असतं. ऑक्टोबरात तिकडे घामाने जीव नकोसा होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि तिकडे तेहतीस-चौतीस, म्हणून माणूस फसतो. दमट हवेत ते तेहतीस आपल्या चाळीसपेक्षा जड जातं आणि तंबूत रात्री झोप लागत नाही. पावसाळ्यात तर तंबूचा विचारच नको. समुद्र खवळलेला असतो, जून-जुलैत मासेमारीही बंद असते.

फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर दोन तारखा बघून घ्या: कुणकेश्वरची महाशिवरात्र आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. आंगणेवाडीची तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मालवण-कणकवली भागात गाडी हलत नाही. जत्रेसाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

सोलापूरहून रस्ता कोणता?

मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर. रस्ता आता चांगला आहे, पहाटे पाचला निघालो तर नाश्त्याला कोल्हापूर. तिथून घाट निवडायचा. रत्नागिरीकडून सुरुवात करायची असेल तर मलकापूरवरून आंबा घाट. देवगड-मालवणसाठी राधानगरीवरून फोंडा घाट, किंवा गगनबावड्यावरून करूळ. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून सुरुवात करायची तर आजऱ्यावरून आंबोली. आम्ही फोंड्याने उतरतो. सोलापूर ते देवगड साधारण चारशे किलोमीटर पडतं.

घाटांची कामं निघतात आणि रस्ता महिनोन्‌महिने बंद राहतो. नकाशावर मात्र तो मोकळा दिसतो. निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात कुणाला तरी फोन करून विचाराच. आणि राधानगरी-दाजीपूरचा पट्टा अंधार पडायच्या आत ओलांडा. तो गव्यांचा मुलूख आहे. वळणावर अचानक गवा समोर आला तर काळोखात तो दिसत नाही, दिव्यात चमकणारे डोळेच काय ते दिसतात.

घाटात मुलांना मळमळतं म्हणून आम्ही कोल्हापुरात भरपेट खाऊ देत नाही. थोडे पोहे, आणि तोंडात आवळासुपारी. राधानगरीला पंधरा मिनिटं उतरून चालायचं, मग घाट. एवढ्याने भागतं.

रोज किती अंतर कापायचं?

पहिला दिवस सोडला तर चाळीस-पन्नास किलोमीटर, जास्त नाही. सगळ्यांची चूक इथेच होते. सोलापूर-पुणे रस्त्याच्या हिशेबाने माणूस म्हणतो, देवगड ते वेंगुर्ले म्हणजे दोन-अडीच तास. पण सागरी रस्ता खाडीशी आला की आत वळतो, पूल गाठतो आणि पुन्हा बाहेर येतो. मालवणजवळच्या देवबागच्या टोकावर उभं राहिलं तर भोगवे समोर दिसतं, हाक मारावी इतकं जवळ. गाडीने मात्र मागे येऊन, कर्ली खाडीवरचा नेरूरपारचा पूल ओलांडून, परुळ्यावरून जावं लागतं. रस्ते अरुंद आहेत, समोरून एसटी आली की आपल्यालाच बाजूला थांबायचं असतं.

एका जागी दोन रात्री राहिलात तरच ते गाव कळतं. रोज तंबू मोडून रोज नवा लावला तर निम्मी सहल सामान बांधण्यात जाते.

वरती रत्नागिरी-गुहागर-दापोली भागात जाणार असाल तर जयगड-तवसाळ आणि दाभोळ-धोपावे या फेरीबोटींत गाडी घालता येते. मुलांना त्याचं फार अप्रूप वाटतं. वेळापत्रक विचारून जा, शेवटची बोट चुकली तर पूर्ण खाडीला वळसा.

किनाऱ्यावर कुठेही तंबू ठोकला तर चालतो का?

नाही. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो.

किनारा मोकळा दिसतो, कुंपण नसतं, म्हणून आपल्याला वाटतं ही कुणाचीच जागा नाही. प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्याला कुणीतरी आहे. माडाची बाग कुणाच्या तरी नावावर असते. सुरूचं बन वनखात्याचं असू शकतं. मोकळी वाळू रापणकर मच्छीमारांची जाळी ओढायची जागा असते, तिथे त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर. एखाद्या कोपऱ्यात स्मशान असतं, एखाद्या झाडाखाली देवाची जागा असते. बाहेरच्याला यातलं काही दिसत नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. दुपारी तीनच्या सुमारास गावात पोचायचं, दिवस हातात असताना. पहिलं दुकान दिसेल तिथे उतरून चहा घ्यायचा आणि विचारायचं, "आम्ही सोलापूरचे, मुलंबाळं बरोबर आहेत, एक-दोन रात्री तंबू टाकायला कुणाच्या बागेत जागा मिळेल का?" सासूबाई गाडीतून उतरून उभ्या राहिल्या की निम्मं काम होतं. बहुतेक वेळा दुकानदारच एखाद्या काकांना हाक मारतो. मग ते काका आपल्या माडांखाली किंवा घरापुढच्या खळ्यात जागा दाखवतात. शेणाने सारवलेलं स्वच्छ खळं, बाजूला विहीर, पलीकडे बांध आणि बांधापलीकडे समुद्र. पैशांचं आधीच मोकळेपणाने बोलून घ्यायचं: जागेचे किती, शौचालय-पाण्याचे किती, रात्रीचं जेवण दिलं तर किती. संकोच करायचा नाही आणि घासाघीसही करायची नाही. गावात पोलीसपाटील असतात, त्यांच्या कानावर आपली नावं आणि गाडीचा नंबर घालून ठेवायचा.

कुणी "नको" म्हटलं तर वाद न घालता पुढच्या गावी. एका गावात आम्हाला स्पष्ट नकार मिळाला. आधीच्या आठवड्यात मोटारींनी आलेल्या लोकांनी बागेत बाटल्या फोडून ठेवल्या होत्या. त्या घरातल्या वहिनी काचा वेचत होत्या आणि आमच्याशी बोलताना वर बघत नव्हत्या. त्यांचं काहीच चुकलं नाही.

हे सगळं नको वाटत असेल तर पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत आणि आता बऱ्याच गावांत घरगुती राहायची सोय आहे. पहिल्या सहलीला एक रात्र तंबूत, एक रात्र खोलीत असं केलं तरी चालतं.

तंबू पाण्यापासून किती लांब लावायचा?

मीटरमध्ये उत्तर देता येत नाही, कारण पाणी जागेवर नसतं.

पहिल्या सहलीत आम्ही देवगडकडच्या एका किनाऱ्यावर दुपार कलल्यावर पोचलो. ओहोटी लागली होती. सपाट, घट्ट, ओलसर वाळू, फरशीसारखी. कंबर तलाव आणि सिद्धेश्वरचा तलाव बघत वाढलेली माणसं आम्ही, पाणी जिथे दिसतं तिथेच राहतं हे डोक्यात बसलेलं. तंबू लावला, सामान काढलं, चहा ठेवला. संध्याकाळी जाळं खांद्यावर घेतलेले एक आजोबा आले. काही न बोलता आमच्या तंबूच्या बरेच मागे गेले आणि पायाच्या अंगठ्याने वाळूवरची एक ओळ दाखवली. सुकलेलं शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, माडाची सालं, काटक्या, सगळं एका वाकड्या रेघेत पडलेलं. म्हणाले, "रात्री पाणी हयसर येतला."

आम्ही सगळं उचलून त्या रेघेच्या वर, बांधापाशी नेलं. ती वद्य द्वितीया होती. रात्री दीडच्या सुमारास मी बॅटरी घेऊन बाहेर आले. जिथे आमची मुलं झोपली असती तिथे गुडघाभर पाणी हेलकावत होतं. सकाळी बघितलं तर खुंट्यांची भोकंसुद्धा राहिली नव्हती.

त्या आजोबांनीच तिथीचा हिशेब शिकवला, तो कोकणात घरोघरी ठाऊक असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. द्वितीया म्हणजे दोन गुणिले पाऊण, दीड वाजता. षष्ठी असेल तर साडेचार. पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोन भरत्या येतात, एकीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी, आणि मधे सव्वासहा तासांवर ओहोटी. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे एखादा तास इकडेतिकडे धरून चालायचं. अचूक वेळ हवी तर भरतीचं छापील कोष्टक किंवा मोबाईलवरचं बघा, पण मोबाईल बंद पडला तर तिथी उपयोगी पडते. घरात कालनिर्णय बघणारं माणूस असतंच.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त वर येतं आणि जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा जोर कमी. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाणार असाल तर अष्टमीच्या आगेमागे जा, पाण्याची ये-जा सौम्य असते.

तर उत्तर असं: सुकलेल्या कचऱ्याची सगळ्यात वरची रेघ शोधा, तिच्याही वर जा, जिथे मर्यादवेल पसरलेली असते त्याच्या पलीकडे. जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची ती वेल. नावच मर्यादवेल. तिच्यावर तंबू लावू नका आणि ती उपटू नका, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

माडाखाली सावलीत लावू का?

माडाखाली नको. वाऱ्याने नारळ आणि वाळलेली झापं पडतात, आणि झाप चांगलंच जड असतं. मालकाला विचारा, कुठल्या माडांचे नारळ उतरवून झालेत ते तो दाखवतो. दोन ओळींच्या मधली जागा धरा.

वाळूत खुंट्या टिकतात का?

टिकत नाहीत. घरून साखरेची किंवा तांदळाची चार-सहा रिकामी पोती न्या. त्यांत वाळू भरून तोंड बांधा, तंबूची दोरी त्या पोत्याला बांधा आणि पोतं हातभर खड्ड्यात पुरा. कितीही वारा सुटू दे, हलत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, उलटी गोष्ट: खुंटी आतच जात नाही, तिथे दोरी मोठ्या दगडाला.

संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो आणि पहाटे जमिनीकडून. खारे वारे, मतलई वारे, भूगोलात पाठ केलेलं, तिथे अंगावर येतं. हिवाळ्यात दव इतकं पडतं की सकाळी तंबूवरून पाणी ठिबकतं, म्हणून वरचं दुसरं कापड लावायला विसरू नका. आपली सोलापुरी चादर पांघरायला उत्तम, पण जमिनीवर अंथरू नका. सुती असल्याने दमट होते आणि तिकडच्या हवेत दोन दिवस वाळत नाही. खाली प्लास्टिकची चटई, वर सतरंजी.

गाडी वाळूवर नेता येते का?

नेऊ नका, चारचाकी कितीही दणकट असली तरी. ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि आत मऊ असते, चाक रुतलं की जितकं फिरवाल तितकं खाली. भरती सुरू झालेली असेल तर गाडी गेलीच समजा. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे, आणि कासवांची घरटी चाकाखाली चिरडतात.

कासवं बघायला मिळतात का?

नशीब असेल तर. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे संवर्धन चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर उभं केलं. आता सिंधुदुर्गातही तांबळडेग, वायंगणी अशा गावांत अंडी जपली जातात. फेब्रुवारीनंतर सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडतात तेव्हा गावात विचारून, लांब उभं राहून बघता येतं.

तंबूवाल्यांनी एक पाळायचं. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. समुद्राच्या बाजूला कंदील, झगमगत्या माळा, गाडीचे दिवे लावले तर ती पाण्याऐवजी आपल्याकडे येतात आणि मरतात. आम्ही डोक्याला बांधायच्या बॅटऱ्यांवर लाल जिलेटिन कागद चिकटवतो. मादी वर येताना दिसली तर बॅटरी बंद, फोटो नाही, जागेवर बसून राहायचं. कायद्यानेही या प्राण्याला मोठं संरक्षण आहे.

पाणी, अंघोळ, शौचालय? बायकांची अडचण होत नाही का?

म्हणूनच कुणाच्या तरी घराजवळ राहायचं. मासिक पाळीचे दिवस असले, सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागलं, तरी वीस पावलांवर शौचालय असलं की चिंता नाही. मी हे ठरवल्याशिवाय जागा पक्की करत नाही आणि विचारायला लाजत नाही.

पाण्याबाबत आपण सोलापूरकर तयार आहोत. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात वाढलेल्या मुलांना एका बादलीत अंघोळ शिकवावी लागत नाही. आणि ती सवय तिथेही सोडू नका. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही. ते झिरपून समुद्राला मिळतं, आणि उन्हाळ्यात कित्येक वाड्यांवर हंडे घेऊन फिरावं लागतं. यजमानांच्या विहिरीचं पाणी उपसताना हे लक्षात ठेवा. प्यायला आम्ही वीस लिटरचा जार गाडीत ठेवतो.

खायला काय न्यायचं?

कडक भाकरी, शेंगाचटणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ, मेतकूट, कांदे, लसूण. तांदूळ-डाळ तिथे दुकानात मिळतं. शेंगाचटणी आठवडाभर टिकते आणि दह्याबरोबर, भाताबरोबर, कशाहीबरोबर जाते.

कडक भाकरीचं मात्र एक आहे. आपल्याकडे महिना-महिना कुरकुरीत राहणारी भाकरी तिथे एका रात्रीत सादळते. पहिल्या वर्षी कागदात गुंडाळून नेलेल्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या लवत होत्या, सासूबाईंना फार वाईट वाटलं, त्यांनी हाताने थापलेल्या होत्या. आता आम्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पाच-पाचच्या थप्प्या वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत बांधून नेतो. एक पिशवी उघडली की ती संपवायची. सादळलीच तर तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकायची, पुन्हा कुरकुरते. आमच्या यजमान वहिनींना ती इतकी आवडली की आता जाताना त्यांच्यासाठी वेगळा डबा असतो, आणि येताना तो डबा सोलं (आमसुलं) आणि कुळथाचं पीठ भरून येतो.

शेगडीसाठी पाच किलोचं छोटं सिलिंडर पुरतं. गाडीत उभं ठेवा, रेग्युलेटर काढून, आणि उन्हात बंद गाडीत ठेवून जाऊ नका. तंबूच्या आत शेगडी किंवा कोळसे कधीही पेटवायचे नाहीत. त्याच कारणाने गाडीत काचा बंद करून, एसी चालू ठेवून झोपायचंही नाही. जळण्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

घरात काही जण शाकाहारी आहेत. चालेल?

आमच्या सासूबाई शाकाहारीच आहेत. आधी सांगितलं की तिकडच्या घरांत काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, सोलकढी, घावणे असं छान जेवण मिळतं. पण मासळी शिजवलेल्या भांड्यांचा वास त्यांना चालत नाही, म्हणून एक पातेलं आणि एक तवा घरचा.

खाणाऱ्यांनी मात्र रापण बघितल्याशिवाय येऊ नये. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं, त्याची दोन टोकं दोन्हीकडून वीस-पंचवीस माणसं कमरेला दोरी लावून, उलट पावलांनी ओढतात. आम्हाला एकदा पहाटे हाक मारली तेव्हा मुलंही दोरीला लागली. तास-दीड तास ओढल्यावर जाळ्याचा मधला भाग वाळूवर आला आणि आतून पाऊस पडल्यासारखा आवाज झाला, शेकडो बांगडे एकदम शेपट्या आपटत होते. मग वाळूवर वाटे पडले. दोरी ओढली म्हणून माझ्या मुलीच्या हातात सहा बांगडे आले. तळव्यांची सालं निघाली होती, पण तिने ते मासे शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाकडे दिले नाहीत.

मुलांना समुद्रात जाऊ देता का?

आमच्याबरोबरच, गुडघ्यापर्यंत, आणि गावकऱ्यांनी "इथे चालेल" म्हटलेल्या जागीच. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे कधीच नाही. ओहोटीला तिथली ओढ भयंकर असते, पोहणाराही टिकत नाही. लाटा सगळीकडे फुटत असताना मधेच एक पट्टा शांत, गडद दिसला तर तो सुरक्षित नसतो, तिथूनच पाणी आत खेचलं जात असतं. त्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग बाहेर यायचं. आपल्याकडे तरण तलावात पोहायला शिकलेली मुलं धीट असतात, त्यांनाच हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

साप, विंचू?

असतात. जांभ्याच्या बांधात आणि दगडांखाली फुरसं असतं, लहानसं आणि मातीच्या रंगाचं. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, चपला-बूट झटकून घालायचे, तंबूची चेन कायम बंद. चावलंच तर अवयव हलवू न देता ताबडतोब सरकारी दवाखान्यात. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं प्रतिविष एकच असतं. तांबड्या विंचवाचा दंश कोकणात पूर्वी जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते चित्र बदललं. म्हणून मुलाला विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि मुक्कामाच्या गावाला सगळ्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, ते पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

वयस्कर माणसांना तंबू झेपतो का?

सासूबाई बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आल्या. पहिली रात्र त्यांना जमिनीवरून उठताना त्रास झाला, तेव्हापासून त्यांच्यासाठी घडीची खाट असते. कधी यजमान त्यांना पडवीत झोपायला बोलावतात. त्या आणि तिथल्या आजी, एकीची बोली दुसरीला निम्मी कळत नाही, तरी रात्री अकरापर्यंत गप्पा.

मुलं कंटाळत नाहीत का?

मोबाईल चालत नाही हे कळल्यावर पहिले दोन तास. एक दिवस मालवणचा सिंधुदुर्ग ठेवा. १६६४ साली महाराजांनी बांधकामाला हात घातला आणि तीन वर्षांत समुद्रातला तो किल्ला उभा राहिला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिथल्या विहिरी बघताना माझ्या मुलाने विचारलं, चारी बाजूंनी खारं आणि आत गोड कसं? मग तिथल्या माणसाने त्याला पोहरा सोडायला दिला आणि ओंजळीत पाणी घालून प्यायला लावलं.

पैसे आणि नेटवर्क?

शंभर-पन्नासच्या नोटा भरपूर न्या, कित्येक वाड्यांत रेंज नाही म्हणजे मोबाईलवरून पैसेही देता येत नाहीत. कणकवली, देवगड, मालवण, कुडाळ इथे टाकी भरून घ्या. आमची फेरी हजार-अकराशे किलोमीटरची होते. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर सत्तर-पंच्याहत्तर लिटर इंधन. सगळ्यात मोठा खर्च तोच.

शेकोटी करता येते का?

मालकाने जागा दाखवली तरच. सुरूची वाळलेली पानं कागदासारखी पेट घेतात, त्या बनाजवळ ठिणगीही नको. आणि विझवताना वाळू टाकून जाऊ नका. वरून थंड दिसते, आत निखारे तासन्‌तास जिवंत राहतात आणि सकाळी अनवाणी धावणारं मूल त्यात पाय घालतं. पाणी ओतायचं, हात लावून बघायचं.

कचरा?

गाडीत भरून परत. गावात उचलणारी घंटागाडी नसते.

परत आल्यावर काय काम असतं?

आल्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मीठ पत्रा खातं. तंबूच्या चेनी आणि सळ्याही धुवायच्या, नाहीतर पुढच्या वर्षी चेन सरकत नाही. मग सगळं गच्चीवर पसरायचं. कोकणात दोन दिवसांत न वाळलेल्या चादरी आपल्या उन्हात तासाभरात कडकडीत होतात. त्या झटकल्या की वाळू पडते. मागच्या वर्षी धाकट्याने ती सगळी झाडूने गोळा करून बरणीत भरली, आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली: तळाशील, समुद्राची बाजू. खाडीच्या बाजूची यंदा आणायची आहे.